सिंहस्थाला येणाऱ्यांनी बॅगा ठेवायच्या कुठे?

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

आपल्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीच्या बातम्या तुमच्या पेपरात सारख्या येताहेत, रस्ते, पूल, घाट, साधुग्राम, पार्किंग, सगळं वाचते मी, अगदी टेंडरच्या बातम्यासुद्धा सोडत नाही (आमचे हे म्हणतात टेंडर वाचून तुला काय मिळणारे). पण एवढ्या सगळ्यात येणाऱ्या माणसाच्या हातातल्या बॅगेबद्दल कोणी बोलताना दिसत नाही. माणूस ट्रेनने येणार, त्याच्याकडे सामान असणार, आणि ते घेऊन तो काही रामकुंडात उतरू शकत नाही. मग ते ठेवायचं कुठे, एवढ्याच प्रश्नासाठी हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, काटछाट करायची तर करा पण दिल्लीचं आणि गठुड्यांचं तेवढं कापू नका.

मला हे सुचायचं कारण म्हणजे आमचं घर नाशिकरोडला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. त्यामुळे आमचा पुढचा हॉल ही सगळ्या नातेवाईकांची फुकटातली क्लोकरूम झालीये. धुळ्याचे मामेसासरे येतात, भुसावळची नणंद येते, नणंदेच्या जावेची माहेरची माणसं पण येतात, "वहिनी, बॅगा फक्त टाकतो, चहा नको" म्हणतात आणि चहा घेऊन जातात. त्याचं काही नाही, आपली माणसं आहेत. पण हल्ली त्यांच्याबरोबर ट्रेनमध्ये ओळख झालेली माणसंही यायला लागलीयेत, एकदा तर इंदूरकडचं एक कुटुंब दारात उभं, हिंदीत विचारतायत की संध्याकाळपर्यंत सामान ठेवलं तर चालेल का, कोणीतरी खाली सांगितलं म्हणे यांच्याकडे ठेवतात. मी ठेवलं, नाही कसं म्हणणार, बरोबर लहान मुलं होती. नंतर हे घरी आल्यावर म्हणाले, त्या बॅगेत काय आहे तुला माहितीये का. खरंच माहिती नव्हतं.

आता ज्यांना आपल्या गावाचा भूगोल माहिती नाही त्यांची गंमत सांगते. तिकिटावर नाशिकरोड लिहिलेलं असतं, लोकांना वाटतं उतरलो की समोर गोदावरी. स्टेशनपासून पंचवटी नऊ-दहा किलोमीटर. बिटको, दत्तमंदिर, उपनगर करत द्वारकेला पोचायचं, द्वारकेला जे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, मग शालिमार नाहीतर सीबीएस (मधलं एसटी स्टँड), मग पुढे रामकुंड. त्र्यंबकला जायचं तर सीबीएसपासून आणखी अठ्ठावीस-तीस किलोमीटर. आणि आलेला माणूस परत नाशिकरोडलाच येईल असंही नाही. सकाळी ट्रेनने उतरलेली माणसं रामकुंड, काळाराम, मग त्र्यंबक करून तिकडूनच एसटीने शिर्डीला जातात, वणीला जातात, पुण्याची गाडी पकडतात. त्यांनी सामान स्टेशनवर ठेवलं तर फक्त बॅग घ्यायला उलटं दहा किलोमीटर यायचं आणि परत दहा किलोमीटर जायचं. शेअर रिक्षावाला बॅगेची वेगळी सीट लावतो (त्याचंही चूक नाही म्हणा, तिथे एक माणूस बसला असता). सिटीलिंकच्या शहर बसमध्ये गर्दीच्या वेळेला मोठी ट्रॉली बॅग घेऊन चढून दाखवा. म्हणून कोणी ठेवत नाही, सगळे सामान घेऊनच हिंडतात.

हिंडतात म्हणजे कसे, ते रामकुंडावर जाऊन बघा. लोक फक्त देवदर्शनाला येत नाहीत, अस्थी घेऊन येतात. घरातलं माणूस जाऊन दोन-चार दिवस झालेले असतात, रात्रीच्या गाडीने निघून पहाटे उतरतात, दिवसभरात विधी करून रात्रीच्या गाडीने परत. मागे मी एका ओळखीच्यांच्या दहाव्याला गेले होते तर शेजारीच एक कुटुंब बसलेलं, खानदेशातलं असावं बोलण्यावरून. मुलगा मुंडण करून गुरुजींसमोर, दोघं भाऊ पाण्यात, आणि त्या मुलाची बायको वर पायरीवर चार बॅगा, एक पाण्याची कॅन आणि सगळ्यांच्या चपला यांच्या मधोमध. एका बॅगेचा बंद तिने पायात अडकवून ठेवलेला, दुसरीवर बसलेली, मांडीवर लेकरू झोपलेलं. सासऱ्यांच्या अस्थी पाण्यात सोडताना सगळे हात लावायला गेले, तिला हाक मारली, ती उठली, बॅगांकडे बघितलं आणि परत बसली. मी म्हटलं अगं जा मी बसते इथे, तर माझ्याकडे अशी बघायला लागली की ही कोण बाई. तिचं बरोबरच होतं. मग मी शेजारच्या गुरुजींना सांगितलं, त्यांनी तिला सांगितलं, तेव्हा कुठे ती दोन मिनिटं खाली जाऊन आली. विधी झाल्यावर ओले पंचे, ओल्या साड्या त्याच बॅगांमध्ये कोंबायच्या, वजन दुप्पट, आणि ते घेऊन परत रिक्षा शोधायची. आणि दरवेळी राखणीला बसणारं माणूस ठरलेलं असतं हो, एकतर घरातली सून नाहीतर गुडघे दुखणारी म्हातारी. बाप्ये कधी बसलेले मला तरी दिसले नाहीत.

रेल्वेची क्लोकरूम वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, उलट आपल्या देशात सामान सांभाळायची स्वस्तातली आणि पावती देणारी व्यवस्था आहे ती. पण तिचे नियम प्रवाशाला ट्रेनमधून उतरायच्या आधी कोणी सांगत नाही. तिकीट दाखवावं लागतं, आणि बॅगेला कुलूप लागतं, कुलूप नसेल तर घेतच नाहीत. खाण्याचे नासणारे पदार्थ चालत नाहीत. माझा भाचा परीक्षेसाठी परराज्यात गेला होता, एका मोठ्या स्टेशनवर (नाव लिहित नाही), त्याची सॅक, चेन दोन बाजूंनी उघडणारी, कुलूप नाही. खिडकीवरचा माणूस म्हणाला कुलूप लावून आणा. बाहेर कुलूपवाला बसलेलाच, जे कुलूप आपल्याकडे मेनरोडला चाळीस-पन्नासला मिळतं ते शंभरला. ते लावून आला तर आधी स्कॅनर करून चिठ्ठी आणा, स्कॅनर दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी घ्यायला गेला तर खिडकीवर कोणीच नाही, बोर्डावर चोवीस तास सेवा आणि माणूस चहाला. गाडी मिळाली त्याला, पण पळत पळत. परीक्षा देणाऱ्या पोरांचं हे नेहमीचंच, सेंटरवर बॅग आत घेत नाहीत आणि गेटबाहेर ठेवलेली सॅक परत येईपर्यंत जीव टांगणीला, आपल्याकडे नाशकात परीक्षेला नंदुरबार-जळगावहून पोरं येतात त्यांचंही तेच.

आता गठुड्यांचं. कुलपाचा नियम बॅगवाल्यांसाठी ठीक आहे. सिंहस्थाला येणारा अर्धा माणूस बॅगवाला नसतोच. धोतरात बांधलेलं गठुडं, खताची धुतलेली गोणी, नायलॉनची पिशवी, वर दोरीने बांधलेलं पातेलं आणि स्टोव्ह. ह्याला कुलूप कुठे लावणार? म्हणजे ज्याला डोक्यावरचं ओझं उतरवायची सगळ्यात जास्त गरज आहे नेमका तोच नियमात बसत नाही. मुंबईत सीएसएमटी, दादर, एलटीटी (कुर्ल्याचं टर्मिनस) ह्या स्टेशनांवर डिजिटल लॉकर आणले, चांगलंच केलं, माझ्या मुलीला ते आवडतात. पण कप्प्याच्या मापात गठुडं मावणार नाही, आणि साठीतल्या बाईला मशीनसमोर उभं करून मोबाईल काढा म्हटलं तर ती ओझं उचलून चालायला लागेल.

यावर मला जे सुचतं ते काही माझं डोकं नाही, वारीत आहे ते. आपल्या त्र्यंबकहून निवृत्तीनाथ महाराजांची पालखी पंढरपूरला जाते, आमच्या ह्यांच्या काकू कित्येक वर्षं गेल्या. वारीत कोणी वळकटी डोक्यावर घेऊन चालत नाही, खांद्यावर पताका, गळ्यात टाळ, डोक्यावर असलंच तर तुळशीवृंदावन. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये. काकूंची पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर ऑइलपेंटने गावाचं नाव, काकूंचं नाव आणि दिंडीचा नंबर, आणि वळकटीला कापडाचा तुकडा शिवलेला त्यावर तेच. संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की ट्रक आधीच लागलेला, ज्याचं त्याने घ्यायचं. ना बारकोड ना ओटीपी. एवढ्या हजारो माणसांचं सामान रोज गाव बदलतं आणि काकू महिनाभरात काय हरवून आल्या तर एकदा चष्मा, तोही त्यांनी स्वतःच कुठेतरी ठेवलेला. मग गठुड्याला कुलूप लागत नाही तर ते नंबर टाकलेल्या जाड गोणीत घाला, गोणीचं तोंड प्लास्टिकच्या सीलने बंद करा (कुरियरवाले लावतात तसं), तोच नंबर माणसाच्या हातात मनगटपट्टीवर. सील तुटलेलं दिसलं तर त्याच्यासमोर उघडा. ह्याला फार मोठं सॉफ्टवेअर लागत नाही.

कोणी म्हणेल ही काय एवढी मोठी गोष्ट आहे, लोक आपापलं बघतील. त्यांच्यासाठी दिल्लीचं लिहिते. १५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्ली स्टेशनवर प्रयागराजच्या कुंभाला निघालेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली, १८ माणसं गेली. नंतर रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं, त्यात कारण काय सांगितलं माहितीये, पादचारी पुलाच्या जिन्यावर एका प्रवाशाच्या डोक्यावरचं मोठं ओझं खाली पडलं, त्याला मागची माणसं अडखळली, आणि एकावर एक पडत गेली. एक गठुडं. आता त्या माणसाला दोष द्यायचा का? त्याच्याकडे ते ठेवायला जागा असती तर जिन्यावर ते आलंच नसतं. त्यानंतर रेल्वेने ७३ स्टेशनांवर बाहेर होल्डिंग एरिया करायचं ठरवलं, म्हणजे गर्दी आधी बाहेर थांबवायची आणि गाडी लागली की सोडायची. पण होल्डिंग एरियातून माणूस सुटणार तो ओझ्यासकटच ना, जिना तोच, ओझं तेच.

आणि आपल्याला दिल्लीपर्यंत जायची काय गरज आहे. २७ ऑगस्ट २००३ नाशिककर विसरलेला नाही, सिंहस्थातली ती चेंगराचेंगरी, सरदार चौकाकडचा तो अरुंद उतार, तीसच्या वर माणसं गेली. तेव्हा सामानामुळे झालं असं मी म्हणत नाही, कारणं वेगळी होती. पण तोच उतार आहे, त्याच गल्ल्या आहेत, रुंदीकरण किती झालं ते तुम्ही रोज छापता. तिथे प्रत्येकाच्या पाठीवर सॅक असली तर एक माणूस दीड माणसाची जागा घेतो, आणि पाठीवरची सॅक मागच्याच्या छातीला लागते, हे कोणत्याही पंचवटी एक्सप्रेसच्या पासवाल्याला विचारा. म्हणून ते सॅक पुढे पोटाशी घेऊन चढतात. बाहेरगावच्या माणसाला हे कोण शिकवणार?

पोलीसांची अडचण मला कळते. अनोळखी बॅगा एका ठिकाणी जमा करायच्या म्हणजे जोखीम. २६/११ नंतर सीएसटीवर काय झालं होतं ते आठवतं का, हल्ल्यात प्रवासी सोडून गेलेल्या बॅगा गोळा करून ठेवलेल्या आणि ३ डिसेंबर २००८ ला त्यातल्याच एका बॅगेत स्फोटकं सापडली, म्हणजे आठवडाभर ती तिथे पडून होती. हे वाचून तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण ह्याचा अर्थ सामान घेऊच नका असा निघत नाही ना. घाटावर पायरीपायरीवर बेवारस दिसणाऱ्या बॅगा असण्यापेक्षा त्याच बॅगा मशीनमधून जाऊन, नाव-नंबर लागून, एका शेडमध्ये कॅमेऱ्याखाली असलेल्या पोलीसांनाच सोप्या जातील. मशीनशिवाय एकही नग आत नको हे मात्र शंभर टक्के. इंदूरच्या त्या बॅगा मी तशाच हॉलमध्ये ठेवल्या होत्या, ते आता आठवलं तरी कसंतरी होतं.

मधल्या मधे काय चाललंय तेही सांगते. लॉजवाले, टपरीवाले, पूजेच्या सामानाची दुकानं, सगळीकडे सामान ठेवून घेतात, कोणी वीस घेतं कोणी शंभर, माणूस बघून. काही जण फक्त नारळ-फुलं त्यांच्याकडून घेतली की ठेवू देतात. पावती नाही. वर बोर्ड असतो "सामानाची जबाबदारी आमची नाही". आमच्या ओळखीचे एक वकील आहेत, ते म्हणाले नुसता बोर्ड लावून सुटका होत नाही, १८७२ चा करार कायदा आहे, त्याच्या कलम १५१ मध्ये लिहिलंय की दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घ्यायची. पण कायदा असून उपयोग काय, वस्तू दिली होती हे सिद्ध करायला कागद तर पाहिजे. रेल्वेतही तसंच, १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १०० प्रमाणे सामान बुक करून पावती घेतली असेल तर रेल्वे जबाबदार, स्वतःजवळच्या बॅगेचं मात्र रेल्वेची चूक होती हे प्रवाशालाच सिद्ध करावं लागतं. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की दर पाच रुपये जास्त ठेवा पण पावती छापील द्या, मराठी आणि हिंदीत, आणि त्यावर ठेवल्याची वेळ आणि त्या जागेचं नाव ठळक, कारण संध्याकाळी दमलेल्या माणसाला आपण नक्की कुठे ठेवलं होतं हेच आठवत नाही.

जागा मी सांगते, कोणी समिती नेमायच्या आधी. ठक्कर बाजार, निमाणी, महामार्ग स्टँड आणि त्र्यंबकचं स्टँड. ह्या चार ठिकाणी माणूस गाडीतून उतरतो आणि इथूनच पुढे जातो. रामकुंडाला अगदी लागून नको, तिथे परत रांगेची गर्दी होईल, निमाणीपासून चालत जाता येतं. नाशिकरोडला स्टेशनच्या आत जे असेल ते असू द्या पण बाहेरच्या आवारात मोठी शेड पाहिजे, तिथे ट्रेनचं तिकीट मागू नका, बसने आलेल्यानेही ठेवावं. आणि चोवीस तास म्हणजे चोवीस तास, रात्री दोनला उतरणारी माणसं असतात आणि सकाळी सातच्या सुमाराला पंचवटी एक्सप्रेस पकडणारीही. रेल्वेच्या हद्दीतलं असेल तर दरासाठी दिल्लीला फाईल पाठवायची गरज नाही, क्लोकरूमचे दर ठरवायचे अधिकार २०१८ पासून डीआरएमकडे (रेल्वेच्या विभागाचा मुख्य साहेब) आहेत आणि आपला डीआरएम भुसावळला बसतो. बाकीचं महापालिका, एसटी आणि कुंभमेळा प्राधिकरणाने वाटून घ्यावं, कोणी किती ते आपसात भांडा. चालवायला बचत गटाच्या बायका द्या, हे मी बाई म्हणून नाही तर हिशोब बघून म्हणतेय, आमच्या भागातल्या गटाचा हिशोब पैशापैशाला जुळतो. रात्रपाळीला मात्र पोलीस सोबत पाहिजेच.

माझ्या मुलीचं म्हणणं की एका ठिकाणी ठेवलेलं दुसऱ्या ठिकाणी मिळायला पाहिजे, म्हणजे नाशिकरोडला दिलं आणि संध्याकाळी त्र्यंबकला घेतलं, दिंडीच्या ट्रकसारखं. ऐकायला छान आहे, पण द्वारकेला ट्रक अडकला तर लोक कोणाला मारणार, त्यामुळे ते पहिल्याच वर्षी नको. आधी ठेवलेलं तिथेच मिळू दे.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा ही शेड उघडली तर फज्जा उडणार हे सांगायला ज्योतिषी नको, काउंटरवरच्या माणसाला गोणी कशी बांधायची हेच माहिती नसेल. त्याच्या आधी करून बघायला आपल्याकडे दरवर्षी आयती गर्दी असते की, तिसरा श्रावणी सोमवार, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला आदल्या रात्रीपासून माणसं निघतात, पोरांच्या पाठीवर सॅक, रेनकोट, बदलायचे कपडे, चिखल. त्या एका रात्री त्र्यंबकच्या स्टँडवर आणि ठक्कर बाजारला दोन मांडव टाका, पाचशे नंबरी गोण्या शिवून घ्या, एक स्कॅनर भाड्याने आणा आणि किती वेळात किती नग आत गेले, किती बाहेर आले, कुठे तुंबलं ते लिहून ठेवा. गोण्या शिवायला आमच्या जेलरोडच्या गटाच्या बायका तयार आहेत, मी विचारून ठेवलंय, कापड मात्र प्राधिकरणाने द्यावं.

आपली एक वाचक,
जेलरोड, नाशिकरोड